एकाच डॉक्टरीणबाईंचे दोन दवाखाने

ती काजं करायची आणि मी बटणं लावायचे. शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात आमची मशिनं नऊ वर्षं शेजारी-शेजारी होती. तिच्या हातून सदरा सुटला की माझ्याकडे यायचा, त्यामुळे तिचं चित्त ठिकाणावर नसलं की देखरेख करणाऱ्या मास्तरांच्या आधी मला कळायचं. घरात ती थोरली सून, म्हणून कारखान्यातही सगळे तिला थोरलीच म्हणत. तिच्याबद्दल जे सांगणार आहे ते बरंचसं तिनेच मला सांगितलंय, थोडं मी डोळ्यांनी पाहिलंय. सांगायला तिची ना नाही. ‘सांग खुशाल,’ ती म्हणाली होती, ‘फक्त मला चांगली करून सांगू नकोस.’

तर घर दुमजली. खाली थोरली, तिचा नवरा, सासूबाई आणि मुलगी. वर दीर, धाकटी जाऊ आणि त्यांचा मुलगा गोटू. थोरलीचा नवरा दारोदार फिरून विजेचे मीटर वाचायचा, दीर एका मोठ्या कंपनीत कारकून. मधे लाकडी जिना, आणि तो असा कुरकुरायचा की वरून कोण उतरतंय ते पावलांवरून ओळखू यावं. एका घरातलं दुसऱ्या घरापासून काही लपत नसे.

मुलीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे. पण न ठरण्याचं निम्मं कारण खाज हे होतं. दहा महिन्यांची असताना कोपराच्या खोबणीत लाल चट्टा उठला. मग गुडघ्यांमागे, मग मानेवर. पाच वर्षांची होईतो मनगटावरची कातडी जाड, भेगाळलेली झाली होती. इसब. सासूबाई म्हणत, मलाही लहानपणी हेच होतं, घराण्यातच आहे. म्हणजे दोष कुणाचा नाही आणि उपायही नाही, असा त्यांचा सूर. शाळेत एका पालकाने विचारलं, हे चिकटतं का, आणि दुसऱ्या दिवशी बाईंनी भिंगरीला भिंतीकडच्या बाकावर एकटीला बसवलं. थोरली तीनदा शाळेत जाऊन सांगून आली की हे चिकटत नाही. तिन्ही वेळा बाईंनी समजुतीने मान हलवली आणि बाक होता तिथेच राहिला.

उपाय सगळे करून झाले होते. कुणी पाला सांगितला, कुणी तेल, कुणी सांगितलं साबण बदला, कुणी सांगितलं साबण बंद करा. कोपऱ्यावरचे डॉक्टर भले माणूस होते, पण ताप-खोकल्याचे डॉक्टर. ते एक पांढरं मलम द्यायचे. चार दिवस कातडी अशी निवळायची की थोरली कामावर गुणगुणायची. पाचव्या दिवशी चट्टे दुप्पट होऊन परतायचे. शेवटी डॉक्टरच म्हणाले, हे माझ्या हातातलं नाही. लहान मुलांच्या कातडीच्या तज्ज्ञ डॉक्टर या सगळ्या भागात मिळून एकच आहेत, तीन तासांवरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात. मी चिठ्ठी देतो, नाव नोंदवा, नंबर लागला की पत्र येईल.

थोरलीने नाव नोंदवलं. पत्राची वाट पाहायला लागली. ही वाट पाहणं सुरू झालं तेव्हा भिंगरीचे पुढचे दोन दात पडलेले होते. दोन्ही दात पूर्ण आले तरी पत्र आलं नव्हतं.

त्याच वर्षी वरच्या मजल्यावर गोटूच्या गालांवर लाली उठली. दोन वर्षांचा गुबगुबीत पोरगा, त्याचे गाल पाणी सुटेपर्यंत खाजायचे. आधी थोरलीला खरंच वाईट वाटलं. ती धावत वर गेली, धाकटीला धीर दिला, नखं कशी कापायची, कपड्यांच्या लेबलांचे टाके कसे उसवायचे ते दाखवलं. त्या आठवड्यात ती कारखान्यात मला म्हणाली की बिचारीला आता कळेल मी काय सोसते. या वाक्यातला गोडवा मला तेव्हा जाणवला होता. तिला नाही जाणवला.

मग बाराव्या दिवशी धाकटी गोटूला डॉक्टरांना दाखवून आली.

कोणत्या डॉक्टरांना? त्याच. सकाळी त्या बाई सरकारी रुग्णालयात बसत, जिथल्या यादीत भिंगरीचं नाव आठ महिने पडून होतं. संध्याकाळी त्याच गावात त्यांचा स्वतःचा दवाखाना होता, आणि दिराच्या कंपनीचं आरोग्यकार्ड तिथे चालत होतं. कार्डावर तीन नावं, दीर, धाकटी आणि गोटू. एक फोन केला, बारा दिवसांनंतरची वेळ मिळाली. डॉक्टरीणबाईंनी पाऊण तास तपासलं, मांडीवर घेतलं, खेळवलंसुद्धा, असं धाकटीने येऊन सांगितलं. तिला वाटलं थोरलीला ऐकून बरं वाटेल.

‘तेच हात गं,’ थोरली मला म्हणाली. ‘दुसऱ्या डॉक्टर असत्या तर मी म्हटलं असतं, नशीब तिचं. पण तेच हात. सकाळी ते माझ्या पोरीपर्यंत पोचत नाहीत आणि संध्याकाळी तिच्या पोराला मांडीवर घेतात.’

त्या दिवशी तिची काजं तिरकी येत होती. मी अकरा सदरे गुपचूप परत तिच्याकडे सरकवले.

गोटू महिन्याभरात बरा दिसायला लागला. पूर्ण नाही, पण गालांवर कातडी आली, मऊ, वाटाण्याच्या सालीसारखी. थोरलीच्या ते डोळ्यांत खुपायला लागलं. जिन्यावरून मलमाचा वास खाली यायचा, फारसा वास नव्हताच तो, पण हिला यायचा. दोरीवर वाळणारी गोटूची पांढरी सुती झबली पाहिली की ती आपले कपडे दुसऱ्या टोकाला घालायची. पोराला उचलून घ्यायचं तिने बंद केलं. हाताला कामाचा वास आहे, म्हणायची. गोटू ‘मोऽऽठी’ म्हणत हात पसरून उभा राहायचा आणि ही भांडी घासत राहायची.

आणि भिंगरी सगळं पाहत होती. एक दिवस वेणी घालून घेताना तिने विचारलं, ‘आई, गोटूचं गेलं ते माझ्याकडे आलं का? माझं वाढलंय.’

थोरलीने वेणी इतकी घट्ट ओढली की मुलगी रडली.

धाकटी मनाने वाईट नव्हती. एका संध्याकाळी ती कागद घेऊन खाली आली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं तिने सुवाच्य अक्षरात उतरवून आणलं होतं. आंघोळ कोमट पाण्याने, थोडाच वेळ. अंग टिपायचं, चोळायचं नाही. कातडी ओलसर असतानाच साधं मऊ करणारं मलम भरपूर लावायचं. फारच खाज असेल तर त्यावर ओलसर मऊ कपडा आणि वरून कोरडा कपडा चढवायचा. औषधाचं मलम वेगळं, ते डॉक्टरांनी दिल्याशिवाय नाही. थोरलीने कागद घेतला, ‘बघते’ म्हणाली. धाकटी जिना चढून गेल्यावर तिने त्याच्या चार घड्या केल्या आणि घरातल्या शिवणयंत्राचा एक पाय डगडगत होता त्याखाली तो सारला.

नवऱ्याने पाहिलं, विचारलं. तर थोरली म्हणे, प्रत्येकाची कातडी वेगळी असते, त्याचा कागद हिला कसा चालेल, आपला नंबर लागला की आपल्याला आपला कागद मिळेल. ऐकायला शहाणपणाचं होतं. सासूबाई मात्र म्हणाल्या, ‘अगं, उष्टं खात नाहीस हे ठीक, पण पोरीला उपाशी का ठेवतेस?’ त्यावर ती आठवडाभर सासूबाईंशी कामापुरतं बोलली.

जावाजावांचा हेवादावा जगात नवा नाही. पण तो साड्यांवरून, भांड्यांवरून, सासूच्या कौतुकावरून. हिचा हेवा पोराच्या गालांवर जाऊन बसला होता, आणि हे तिला स्वतःलाही इतकं लाजिरवाणं वाटायचं की ती ते रागात बुडवून टाकायची.

मग तो फोन आला.

धाकटीचा फोन बिघडून दुरुस्तीला गेला होता, म्हणून तिने दवाखान्यात जावेचा नंबर देऊन ठेवला होता. थोरलीला तसं सांगितलंही होतं. सोमवारी दुपारी कारखान्यात थोरलीचा फोन वाजला. मी शेजारीच होते. मशीन थांबवून तिने ऐकलं, ‘हो, मी त्यांची जाऊ’ म्हणाली, मग ‘बरं, उद्या, बरं, सांगते’ म्हणाली, आणि फोन ठेवला. मी विचारलं, कुणाचा गं? ती म्हणाली, ‘चुकीचा नंबर.’

‘मी त्यांची जाऊ’ हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. पण मी पुढे विचारलं नाही. दुसऱ्याच्या घरात कशाला नाक खुपसा, म्हणून बटणं लावत बसले. तेव्हा जरा खुपसलं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुढे बरेचदा वाटलं.

निरोप असा होता, की गुरुवारची वेळ रद्द. बाई बुधवारपासून तीन आठवडे बाहेरगावी जात आहेत, तेव्हा गोटूला उद्या मंगळवारीच घेऊन या.

सोमवारी संध्याकाळी थोरली घरी गेली. धाकटी जिन्यात बसून गोटूला भरवत होती. थोरली तिच्या बाजूने आपल्या दारापर्यंत गेली. निरोप तोंडात तयार होता, ती मला म्हणाली, जिभेच्या टोकावर होता. तेवढ्यात धाकटी म्हणाली, ‘ताई, गुरुवारी मी नसेन, तेवढं दुधाचं बघाल का? बाईंनी बोलावलंय ना याला.’ त्या ‘बाईंनी बोलावलंय’मध्ये काही नव्हतं. पण थोरलीच्या कानाला ते असं लागलं की तिने ‘बघते’ म्हटलं आणि दार लोटलं. तिने ठरवलं की सकाळी सांगू. सकाळी ठरवलं की आता उशीर झाला.

गुरुवारी धाकटी पोराला घेऊन तीन तास बसने गेली, दवाखान्याला कुलूप पाहिलं, तीन तास बसने परत आली. संध्याकाळी ती जिना चढली तेव्हा पोर खांद्यावर झोपलेलं होतं आणि पायऱ्या हळू हळू वाजत होत्या. थोरली खाली दूध तापवत उभी होती. दुसऱ्या दिवशी फोन करून धाकटीने पुढची वेळ मागितली, ती दीड महिन्यानंतरची मिळाली. घरातली औषधाची ट्यूब शनिवारी संपली, आणि बाईंना दाखवल्याशिवाय नवी आणायची नव्हती.

‘तुला खरं सांगू?’ ती मला म्हणाली होती. ‘दोन दिवस मी मजेत होते. पोटातलं दुखणं गेल्यासारखं वाटलं. आता दोन्ही पोरं सारखी, असं वाटलं.’

पुढच्या आठवड्यात गोटूचे गाल पुन्हा पेटले, मग मान, मग कानांमागे. खाजवून खाजवून जखमा झाल्या, त्यांवर पिवळ्या खपल्या धरल्या आणि ताप चढला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी पाहिलं, जखमांत पू झालाय म्हणाले, पोटातून औषध दिलं. दीर रजा घेऊन घरी बसला. छतातून पोराचं रडणं खाली यायचं, एका सुरात, दमलेलं. भिंगरी वर पाहत म्हणाली, ‘आई, त्याला आता आग होत असेल. खाजवून झालं ना, की आग होते.’ सहा वर्षांच्या मुलीने हे जाणकारासारखं सांगितलं, आणि आपल्या हातांकडे पाहिलं.

थोरली उठली. यंत्राचा पाय उचलून तिने तो कागद काढला. घडीवर तेलाचा गोल डाग पडला होता, पण अक्षरं वाचता येत होती. दुसऱ्या दिवशी तिने कारखान्यात मास्तरांकडून मऊ बनियनच्या कापडाचे उरलेले तुकडे मागून घेतले. मला म्हणाली, जेवणाच्या सुट्टीत जरा मदत कर. ओलसर कपडा मुलांच्या अंगावरून घसरतो, पट्ट्या सुटतात, हे धाकटी पूर्वी बोलली होती. म्हणून थोरलीने अंगाबरोबर बसणारे सदरे आणि विजारी बेतल्या. शिलाई सगळी बाहेरच्या बाजूला, आत कातडीला एकही टाका लागू नये अशी. बाह्यांची टोकं बंद, म्हणजे नखं आत. दोन मापं, एक मोठं, एक लहान, प्रत्येकी चार नग. बटण एकही नव्हतं, म्हणून मी बाह्या उलटवून दिल्या.

ते घेऊन ती वर गेली. धाकटीने दार उघडलं. थोरली म्हणाली की डॉक्टर म्हणाले ताप उतरला, जखमा सुकल्या, की मग हे घाल. कागदात लिहिलंय तसं, आतला ओला, वरचा कोरडा. भिंगरीलाही आजपासून घालणार आहे. धाकटीने कपडे हातात घेतले, शिलाईवरून बोट फिरवलं. ती थोरलीकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिली, असं थोरलीला वाटलं. मग ती म्हणाली, ‘आत या ना, ताई.’ थोरली आत गेली नाही.

त्या महिन्यात दोन्ही मुलांचं सगळं कागदाबरहुकूम झालं. दोघांची आंघोळ खालच्या मोरीत एकापाठोपाठ व्हायची, धाकटी पाणी काढायची, थोरली मलम लावायची. औषधाचं मलम नव्हतं, तरी निम्मा फरक पडला. भिंगरीच्या मनगटावरच्या भेगा मिटायला लागल्या. थोरलीच्या मनात आलं असावं, हे दोन महिने आधी करता आलं असतं. हे तिने मला सांगितलं नाही. पण त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने डबा उघडलाच नाही.

आणि मग पत्र आलं. चौदा महिन्यांनी.

ती मुलीला घेऊन गेली. सरकारी रुग्णालयातला व्हरांडा लांब, हिरव्या रंगाचा, दोन्ही बाजूंना बाकं. बाकांवर आया, आणि प्रत्येकीच्या मांडीवर एक खाजवणारं मूल. कुणी पहाटेच निघून आली होती, कुणी आदल्या दिवशीच येऊन नातेवाइकांकडे उतरली होती. एकीने सांगितलं, ती दोन वर्षं थांबली होती. थोरली म्हणते, तिथे बसल्यावर पहिल्यांदा तिला धाकटीचा विसर पडला. इतक्या जणी आपल्यासारख्याच, आणि इतक्या जणींच्या पुढे आपण.

नंबर लागला. डॉक्टरीणबाई बारीक अंगाच्या, आवाज बसलेला. त्यांनी भिंगरीचा सदरा वर केला, मग थांबल्या, सदराच उलटा करून पाहिला. कुणी शिवला, विचारलं. ‘मी,’ थोरली म्हणाली. बाईंनी शेजारच्या नर्सला तो दाखवला. मग हात, गुडघे, मान नीट पाहिली, औषध लिहिलं, कुठे किती दिवस लावायचं आणि कसं कमी करत आणायचं ते सांगितलं. सगळं मिळून दहा मिनिटंही झाली नसतील. पण एकही मिनिट वाया गेलं नाही. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला आहे का?

‘सासूबाईंना होतं. आणि माझ्या दिराच्या मुलाला आहे,’ थोरली म्हणाली. ‘तो तुमच्याचकडे येतो, संध्याकाळच्या दवाखान्यात.’ तिने गोटूचं वय सांगितलं, कंपनीचं नाव सांगितलं.

बाईंचं पेन थांबलं. ‘त्याच्या आईला मी विचारलं होतं,’ त्या म्हणाल्या. ‘ती म्हणाली, घरात कुणालाच नाही.’

परतीच्या बसमध्ये भिंगरी खिडकीवर डोकं टेकून झोपली. थोरली जागी. कुणालाच नाही! एका जिन्याच्या अंतरावर सहा वर्षांची पोर ओरबाडून घेत होती आणि ही बया म्हणाली कुणालाच नाही. नुसतं हो म्हणाली असती तर त्या बाईंनी कदाचित काही सांगितलं असतं, सकाळच्या यादीत नाव पुढे घेतलं असतं, काहीतरी. तीन तास ती मनात भांडत राहिली, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी तिला तो सोमवारचा फोन आडवा येत होता.

घरी पोचली तेव्हा धाकटी जिन्याच्या खालच्या पायरीवरच होती, काय म्हणाल्या बाई ते ऐकायला. थोरलीने मुलीला आत सासूबाईंकडे पाठवलं आणि उभ्या उभ्या म्हणाली, ‘बाईंना तू सांगितलंस, घरात कुणालाच नाही?’

धाकटीचा चेहरा उतरला. पण तिने नजर खाली घातली नाही. ‘हो, सांगितलं,’ ती म्हणाली. ‘आणि ताई, सोमवारचा निरोप तुम्हाला मिळाला होता. कुलूप पाहून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी शेजाऱ्यांच्या फोनवरून दवाखान्यातल्या वेळ देणाऱ्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, निरोप दिला होता, तुमच्या जाऊबाई बोलल्या.’

म्हणजे ती सगळं जाणून होती. गोटू तापाने फणफणत होता तेव्हाही. थोरली सदरे घेऊन दारात उभी राहिली तेव्हाही. मोरीत रोज पाणी काढताना, शेजारी उकिडवी बसून, ती सगळं जाणून होती.

थोरलीने विचारलं, मग बोलली का नाहीस? धाकटी म्हणाली, कोणत्या तोंडाने बोलू. मग तिने सांगितलं. या घरात आल्यापासून माझ्या हातात येईल ते आधी तुमच्या हातातून गेलेलं. खोली तुमची, कपाट तुमचं, गोटूचा पाळणा भिंगरीचा, दुपटी भिंगरीची. सासूबाई वर आल्या की म्हणतात, थोरली असं करायची, थोरली तसं करायची. बाईंनी विचारलं तेव्हा वाटलं, हो म्हटलं तर हेही दोन्ही घरांचं होईल. ‘एक डॉक्टर तरी फक्त माझ्या पोराची असू दे, असं वाटलं, ताई. तोंडातून “नाही” असं निघून गेलं. बाहेर पडले तेव्हा कळलं मी काय बोलले, पण परत आत जाऊन बदलायचा धीर झाला नाही. म्हणून तो कागद आणून दिला तुम्हाला.’

थोरलीला कागदाचं काय झालं ते सांगावं लागलं. यंत्राच्या पायाखाली, हे ऐकून धाकटी हसली. ते चांगलं हसणं नव्हतं. आतून सासूबाईंनी विचारलं, काय चाललंय गं तिथे? दोघी एकदमच म्हणाल्या, ‘काही नाही.’

गळ्यात पडणं वगैरे झालं नाही. धाकटी महिनाभर मुलाची आंघोळ वरच घालत होती. पण तिने दवाखान्यात फोन करून बाईंना खरं सांगितलं. बाई रागावल्या नाहीत, असं ती म्हणाली, फक्त म्हणाल्या की बहुतेक घरांत दुसरं मूल असतं आणि ते मला कधीच कळत नाही. पुढच्या वेळी त्यांनी दोन्ही मुलांच्या कागदांवर एकमेकांची नोंद केली. आमच्या गावातल्या सरकारी दवाखान्यातल्या एका नर्सबाईंना त्या आधीपासून शिकवत होत्या, त्यांच्याकडे भिंगरीला महिन्यातून एकदा तपासून घ्यायला सांगितलं. नर्सबाई फोटो काढून पाठवायच्या, बाई तिकडून औषध बदलायच्या. वर्षातून दोनदाच त्या हिरव्या व्हरांड्यात जावं लागायचं. हे नर्सबाईंचं दार आमच्यापासून दहा मिनिटांवर होतं आणि चौदा महिने कुणालाच त्याचा पत्ता नव्हता, यावर थोरली अजून चिडते, आणि ते चिडणं मला रास्त वाटतं.

नर्सबाईंनी सदऱ्याचा बेत मागितला. थोरलीने खाकी कागदावर चार मापांचा काढून दिला. मास्तर तुकडे देतात, आम्ही दोघी सुट्टीच्या दिवशी थोडे शिवून ठेवतो. फार नाही, जमतील तसे.

आता यापुढचं सांगते, कारण तिने चांगली करून सांगू नकोस म्हटलंय. दोन्ही मुलांना त्याच बाईंचं औषध, त्याच यंत्रावरचे कपडे, एकाच घराण्याची कातडी. गोटूचं इसब पाच वर्षांचा होईतो निघून गेलं, मागमूसही राहिला नाही. भिंगरीचं गेलं नाही. खूप कमी झालं, शाळेत तिचा बाक पुन्हा सगळ्यांमध्ये आला, मनगटं नितळ झाली. पण हवा कोरडी पडली की कोपराच्या खोबणीत लाली उठतेच. बाई म्हणाल्या, काहींचं जातं, काहींचं सोबत राहतं, कुणाचं काय होईल ते आधी सांगता येत नाही. यात रांग नाही, कार्ड नाही, कुणाचा फोन नाही. आणि नेमकं हेच थोरलीला सगळ्यात जड गेलं, कारण आता रागवायला कुणी उरलं नव्हतं.

गेल्या वर्षी शाळेने मुलांना पोहायला न्यायला सुरुवात केली. भिंगरी अकरा वर्षांची. तलावावर दोघी जावा बाकावर बसल्या होत्या, मीही गेले होते, माझी भाची त्याच वर्गात. नर्सबाईंनी सांगितल्याप्रमाणे आधी मलम, नंतर लगेच स्वच्छ पाणी, एवढं पाळून भिंगरीला परवानगी मिळाली होती. ती पाण्यात उतरली तेव्हा पलीकडच्या एक बाई आपल्या मुलीला हळूच बाजूला घेत होत्या. थोरलीच्या लक्षात यायच्या आत धाकटी उठून तिकडे गेली होती. काय बोलली ते आम्हाला ऐकू आलं नाही. तिने एकदा भिंगरीकडे बोट दाखवलं, एकदा गोटूकडे, आणि त्या बाईंनी मुलीचा हात सोडला.

गोटू कठड्यावरून उड्या मारत होता, उघड्या अंगाने, एक डाग नाही. थोरली त्याच्याकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नऊ वर्षांच्या शेजारामुळे कळलं. मी म्हटलं, अजून दुखतं का गं पोटात? ती म्हणाली, ‘दुखतं. रोज नाही दुखत.’ मग धाकटी परत येताना दिसली तशी ती सरकली आणि बाकावर तिच्यासाठी जागा केली.